गरम असताना गाळलं तर

जालना
एप्रिल १९९९

प्रिय संतोष,

तुझं पत्र येऊन पंधरवडा उलटला आणि माझं उत्तर नाही, म्हणून तू तिकडं हैदराबादेत गाल फुगवून बसली असशील. बस, खुशाल बस. मी इकडं तुझ्याहून जास्त वैतागलेय. रोज लिहायला घेते, चार ओळी होतात, वाचते आणि कागद चुरगाळून टाकते. आज कॉलेजला सरळ दांडी मारली, खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि ठरवलं, काही झालं तरी पुरं करायचं. डोकं इतकं फिरलंय की मधेच तुलाही दोन शब्द लागतील. मनावर घेऊ नकोस. किंवा घे, मला बिलकुल फरक पडत नाही. पडतो गं, पण आज पडत नाही असं समजून लिहिते.

तुझं पत्र किती वेळा वाचलं असेल! आपले मणी पुढच्या महिन्यात तुमच्या कंपनीच्या मोठ्या रिॲक्टरमध्ये पडणार, औषधाची पहिली मोठी बॅच त्यांच्यावर निघणार, मोठ्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये तुझं नाव घेतलं, सासऱ्यांनी गल्लीत पेढे वाटले. आणि तुझ्या सासूबाई, भंवरीबाई, ज्या तुझ्या डोक्यावरचा पदर जरा सरकला तरी टोकायच्या, त्या आता शेजारणींना सांगतात की आमची बहू डॉक्टर आहे, पण सुईवाली नाही. हे वाचून मी एकटीच खो खो हसले. तुझी नोकरी त्यांनी कशी सहा महिन्यांच्या बोलीवर चालवून घेतली होती ते मला ठाऊक आहे ना. आणि शेवटी तू लिहिलंस, दुर्गे, तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय, जल्दी थीसिस टाक आणि गाडीत बस. त्या वाक्यावर मात्र हसू आलं नाही. पत्राची घडी केली आणि उशीखाली सारली.

प्रबंध म्हणशील तर तयार आहे. शेवटचं प्रकरण सोडून सगळं टाइप होऊन आलंय. ते एक प्रकरण माझ्या मानगुटीवर बसलंय आणि उतरायचं नाव घेईना. कॉलेजात मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. दर जूनला नवीन मुलाखत, दर जूनला तेच हसरं तोंड करून बसायचं, आणि समोरचे दर वेळी विचारणार, मॅडम, पीएच.डी. कुठपर्यंत आली? वाटूरला गेले की आईचं वेगळंच. तुळजाबाईंना तू ओळखतेस. पाय धुवायच्या आत पहिला सवाल, मण्याचं काम उरकलं का न्हाई अजून? मागच्या खेपेला मी इतकी करवादले की ती बिचारी भाकरी थापायची थांबली. मंग मलाच कसंतरी झालं. तिचं काय चुकलं? लेक तिशी ओलांडून गेली आणि अजून मणीच गाळून राह्यली, तर आई विचारणारच.

आईनं तुला पहिल्यांदा बघितलं तो दिवस आठवतो का? मी घरी एवढंच सांगितलं होतं की लॅबमध्ये माझ्या जोडीला संतोष म्हणून आहे, दिवसभर एकाच टेबलावर काम असतं. झालं! दुसऱ्या दिवशी बाई पहिल्या एस.टी.नं जालन्यात हजर. लॅबच्या दारात कमरेवर हात ठेवून तिनं आपल्या शिपायाला, पुंजारामला, विचारलं, संतोष कोन हाय? पुंजारामनं तुझ्याकडं बोट केलं. तू लांब वेणी पाठीवर टाकून, हातात बारीक चाळणी घेऊन मणी चाळत होतीस. आई पायरीवर बसली आणि इतकी हसली, इतकी हसली की पुंजाराम पाण्याचा तांब्या घेऊन धावला. तुमच्या मारवाड्यांत पोरीचं नाव संतोष असतं हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिचा एक खाडा वाचला असता. विद्यापीठानं तरी कुठं ऐकलं? तुझ्या पदवीच्या पत्रावरसुद्धा श्री. संतोष गिरधारीलाल असंच आलं होतं, आणि तुझे बाबूजी म्हणाले होते, रहने दो, बेटा भी मिल गया.

त्याच दिवशी आईनं विचारलं, हा साबुदाणा कशापायी चाळून राह्यल्या? तेव्हापासून आपल्या लॅबमध्ये मण्यांचं नाव साबुदाणाच पडलं. मी तिला समजावून सांगितलं की औषध बनवताना एक धातू लागतो, पॅलेडियम त्याचं नाव. तो स्वतः खर्ची पडत नाही, नुसता दोन पदार्थांना जोडून देतो. पण काम झाल्यावर तो औषधातच विरघळून राहतो आणि वेगळा काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून हे प्लास्टिकचे बारीक मणी करायचे, धातू त्यांना पक्का बांधून टाकायचा, काम झालं की मणी गाळून घ्यायचे आणि परत वापरायचे. आई म्हणाली, म्हंजे मसाल्याची पुरचुंडी, रश्श्यात सोडायची अन् मंग उचलून घ्यायची. तू तिला टाळी दिलीस. पुढं तुझा सगळा प्रबंध त्या पुरचुंडीवरच उभा राहिला. धातू मण्याला सोडत नाही, जे काही होतं ते मण्यावरच होतं, या एका वाक्यासाठी तू रात्रंदिवस राबलीस आणि त्यावर तुला पदवी मिळाली. मी तुझ्याच वाक्याच्या पुढं काम धरलं. सोडत नाही ना, मग तेच मणी किती वेळा वापरता येतील? परत परत वापरले, तरी काम तसंच चोख. आपले गाईड, रामराव सर, म्हणायचे, दुर्गा, ही तर लॉटरी आहे.

आता मुद्द्यावर येते. आपल्या लॅबचं पाणी आठव. तुला आता चोवीस तास नळ, तुला कशाला आठवेल म्हणा! इथं आठवड्यातून एकदा नळ, आणि उन्हाळ्यात त्याचाही भरवसा नाही. कंडेन्सर गार ठेवायला आपण बादलीत बर्फ टाकायचो आणि कूलरचा छोटा पंप त्यात सोडून तेच पाणी फिरवायचो. ती युक्ती तुझी. ते बराबर जमलं. पण गाळायचं काही जमत नव्हतं, कारण आपला काचेचा गाळायचा पंप नळाच्या धारेवर ओढ धरायचा. धार नाही तर ओढ नाही. म्हणून रिॲक्शन झाली की हॉट प्लेट बंद, फ्लास्कला बूच, आणि नळाची वाट बघत बसायचं. कधी दोन दिवस, कधी चार. पुंजाराम व्हरांड्यातून ओरडला, पाणी आलं, की आपण फ्लास्क उचलून बेसिनकडं पळायचो. यात काही वावगं आहे असं कधी मनातही आलं नाही. जालन्यात वाढलेल्या माणसाला नळाची वाट बघणं हे काम वाटतच नाही. गाळून आलेला द्रव अगदी नितळ असायचा. तपासायला औरंगाबादला पाठवला तर धातू जवळजवळ नाहीच, असा रिपोर्ट यायचा. तो पहिला रिपोर्ट आला तेव्हा तू पुंजारामला कचोरी आणायला पिटाळलं होतंस.

मार्चमध्ये काय झालं ते ऐक. परीक्षांमुळं कॉलेजात शुकशुकाट होता, वर लॅबमध्ये मी एकटी. रिॲक्शन निम्मीही झाली नव्हती, फ्लास्क चांगला तापलेला, आणि भर दुपारी, नळाचा वार नसताना, खालून पुंजारामची हाक आली, पाणी आलं! माझी पंचाईत झाली. थांबावं तर पाणी जाणार, आणि परत कधी येणार ते देवालाच ठाऊक. मण्यांचं वजन सरांना त्याच आठवड्यात हवं होतं. म्हटलं, खड्ड्यात गेली ही बॅच, मणी तरी हाती लागतील. फ्लास्क फडक्यात धरला आणि गरमागरम तसाच गाळला. मणी वर राहिले, ते कागदावर पसरले. खालचा द्रव फेकायलाही वेळ नव्हता. टेबलभर पाण्यासाठी भांडी मांडून ठेवलेली, म्हणून तो द्रव त्याच फ्लास्कमध्ये ओतला, परत हॉट प्लेटवरच ठेवला आणि ड्रम भरायला पळाले. प्लेट बंद करायचं ध्यानातच राहिलं नाही.

ड्रम, टब, बाटल्या, सगळं भरून ओल्या साडीनं वर आले तर द्रव तसाच तापत होता. फेकायच्या आधी सवयीनं एक थेंब तपासला. रिॲक्शन पुढं गेली होती. मला वाटलं, थेंब चुकला. परत तपासला. मग चहासुद्धा न पिता तिथंच बसून राहिले. कॉलेज सुटायच्या वेळेपर्यंत रिॲक्शन पुरी झाली. मण्यांशिवाय, संतोष! मणी तिकडं कागदावर वाळत पडले होते आणि इकडं काम आपलं चालूच होतं.

तुझ्या मनात जे येईल ते माझ्याही मनात आलं. एखादा मणी निसटून खाली गेला असेल. म्हणून दुसऱ्यांदा केली, पंप सोडून नरसाळ्यात कापसाचा घट्ट बोळा लावून, गरम असतानाच. तेच. तिसऱ्यांदा नव्या मण्यांवर केली. तेच. मग आपल्या जुन्या पद्धतीनं थंड होऊ दिली, दोन दिवस ठेवली, गाळली आणि तो द्रव तापवून बघितला. तो मात्र मेलेला. ढिम्म हलला नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. गरम असताना धातू मणी सोडून द्रवात उतरतो. तिथं मोकळा फिरून सगळं काम करतो. आणि थंड होता होता हळूहळू परत मण्यावर जाऊन बसतो. आपण नळाची वाट बघत बसायचो ना, तेवढ्या दिवसांत तो निवांत घरी यायचा. आपण गाळेपर्यंत सगळं जिथल्या तिथं, आणि आपण म्हणायचो, बघा, कसा घट्ट धरून बसलाय! आपला साबुदाणा फक्त जालन्यात चालतो गं. जिथं नळाला रोज पाणी आहे तिथं तो पहिल्याच दिवशी उघडा पडला असता.

राग कुणावर काढू ते मला कळेना. नगरपालिकेवर काढला, नळावर काढला, त्या काचेच्या पंपावर काढला. तुझ्यावरही काढला, खोटं कशाला सांगू. ही पोरगी एवढी हुशार, हिच्या कसं लक्षात आलं नाही? मग स्वतःवर. कापसाचा बोळा तेव्हाही होता की! पण पुस्तकात पंप लिहिलेला, सरांनी पंप शिकवलेला, मग आपण पंपच वापरणार आणि पंपासाठी पाणीच बघणार. इतकी वर्षं, संतोष. सणवार सोडले, लग्नकार्यं सोडली, चुलतभावाच्या हळदीतनं उठून मी रिॲक्शन बघायला परत आल्ते. कशासाठी? रडले नाही. रडायचं सुचलंच नाही. लॅबमधली सगळी भांडी परत एकदा धुऊन काढली आणि भरून ठेवलेलं अर्धं पाणी त्यातच संपवलं.

सरांना दाखवलं. रामराव सरांनी टाळाटाळ केली नाही, हे मात्र मानलं पाहिजे. माझ्या शेजारी उभं राहून सगळं स्वतः पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, दुर्गा, कृतीत एक ओळ घाल. मिश्रण पूर्ण थंड झाल्यावरच गाळावे. यात खोटं काही आहे का? नाही गं, बिलकुल खोटं नाही. मी त्या ओळीत खोट शोधत बसले आणि सापडेना. शब्द न शब्द खरा. आणि तरी ती ओळ घातली की माझा सगळा प्रबंध खोटा होतो, कारण थंड का करायचं ते तिच्यात नाही. मी म्हटलं, सर, मी हे वेगळं प्रकरण म्हणून घालणार. ते म्हणाले, मग माझी सही नाही. ओरडले असते तर मी भांडले असते. त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. या कॉलेजात संशोधन होऊ शकतं हे लोकांना दाखवायला त्यांनी उमर घातली, दोन वर्षांत रिटायर होतील, आणि तुझी पदवी ही त्यांच्या हाताखालची पहिली. संतोषचं काय होईल याचा विचार केलास का, एवढं बोलून ते उठून गेले. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

तुला वाटेल, दुर्गी हट्टाला पेटली असेल. कसली पेटते! ती ओळ मी लिहून बघितली. लिहिल्यावर बरी दिसली, इतकी बरी की माझीच मला लाज वाटली. तिच्या पलीकडं सगळं कसं सरळ होतं. सरांची सही, पदवी, आईची कटकट बंद, आणि मी हैदराबादच्या गाडीत. तू स्टेशनवर घ्यायला येणार, मग दोघी परत एका टेबलावर, आणि तुझं ते मधेच गुणगुणणं, आणि माझं तुला गप्प बस म्हणणं. मला यायचं होतं गं. फार यायचं होतं. सरांना उद्या सांगते, ओळ घालते म्हणून, असं मनाशी ठरवून मी त्या संध्याकाळी खोलीवर आले. तर दारात तुझं पत्र पडलेलं.

ते पत्र आलं नसतं तर मी ती ओळ घालून मोकळी झाले असते, आणि त्याचा आता मला सगळ्यात जास्त राग येतोय. कारण त्यात तू हौसेनं लिहिलंयस की कारखान्यात वेळ मोलाचा, म्हणून तुम्ही थंड व्हायची वाट न बघता रिॲक्टरमधून गरम असतानाच गाळून घेणार. संतोष, असं केलंत तर धातू औषधात जाईल आणि हाती मणी येतील ते मोकळे. तुमची तपासणी पकडेल, बहुतेक पकडेलच, पण त्या वेळी सगळ्यांच्या नजरा तुझ्याकडं वळतील. आणि नाही पकडलं तर ते औषध कुणाच्या तरी घरी जाईल, त्याचा विचारसुद्धा मला करवत नाही. म्हणून हे लिहितेय. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तुझ्या हातांवर ठेव. मोठ्या बॅचच्या आधी छोट्या फ्लास्कमध्ये एकदा निम्म्यावर, गरमच गाळ, आणि तो द्रव परत तापवून बघ. जे दिसेल ते तुझ्या साहेबांना तू स्वतः सांग, माझं नाव मधे आणू नकोस. दुर्गानं संतोषला पाडलं असं कुणाला म्हणता येऊ नये. पेढे वाटून झालेल्या घरात हे सांगणं काय असतं ते मला कळतं. भंवरीबाईंचं तोंडही माझ्या डोळ्यांसमोर येतं. तरी सांग. मग वाटलं तर सरांना दोन ओळी लिही, तुझ्या शब्दावर ते माझ्या प्रबंधावर सही करतील. नाही लिहिलंस तरी ती ओळ आता माझ्या हातून जाणार नाही. मग पदवी नाही, आणि माझी जागा तू दुसऱ्या कुणाला देऊन टाक. तुझ्या आयुष्यात आता कुठं सुख आलं आणि त्यावर मीच पाणी ओततेय, म्हणून पंधरा दिवस हे पत्र पुरं होत नव्हतं. शिव्या घालायच्या तर पानभर घाल, मी सगळ्या वाचेन. फक्त गप्प बसू नकोस, संतोष. मला दुर्गे म्हणणारं या गावात आता कुणी राहिलेलं नाही.

तुझीच,
दुर्गा